फांदी कुठून कापायची

मिरजेहून पंढरपूरकडे निघालं की वाटेत भोसे लागतं. तिथं यल्लम्मा देवीच्या देवळापाशी एक वड होता. त्याचा विस्तार सुमारे चारशे चौरस मीटरचा आणि वय लोकांच्या तोंडी चारशे वर्षांचं. सागवानासारखी वर्तुळं मोजून वडाचं वय काढता येत नाही, त्यामुळे हा आकडा पिढ्यांच्या सांगण्यावर उभा होता. पण त्या सावलीत बसलेल्या वारकऱ्यांना कधी आकड्याची गरज पडली नाही.

२०२० च्या जुलैत रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गाचं काम या झाडापर्यंत येऊन ठेपलं. कोरोनाचे दिवस होते, घराबाहेर पडणं अवघड होतं, तरी गावकरी आणि सांगली–मिरजेचे वृक्षप्रेमी झाडाभोवती हात धरून उभे राहिले. तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिलं. आखणी बदलायचं ठरलं आणि वड राहिला. महामार्गाच्या आखणीपुढे झाड जिंकलं, अशी उदाहरणं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकीच. म्हणूनच ही बातमी देशभर गेली.

पुढं दोनच वर्षांत, २०२२ च्या पावसाळ्यात, तो वड कोसळला.

ज्या माणसांनी पावसात उभं राहून तो वाचवला होता, त्यांना काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको. पण त्या दुःखाच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो भोशापुरता नाही. कुऱ्हाडीपासून झाड वाचलं की आपण घरी जातो. त्यानंतर त्याचं खोड कोण बघतं? ओझं झालेली फांदी कोण उतरवतं? बुंध्याशी उगवलेल्या भुईछत्रीचा अर्थ कोण लावतं? सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाड तोडणारे आहेत आणि झाडासाठी भांडणारेही आहेत. या दोघांच्या मधला, झाड जगवण्यासाठी नेमकं कापणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

वड किती पसरू शकतो ते साताऱ्याकडे दिसतं. वैराटगडाच्या पायथ्याशी, जावळी तालुक्यात म्हसवे गाव आहे. तिथल्या वडाची १८८२ मध्ये इंग्रज अधिकारी ली वॉर्नर यांनी घेतलेली मापं जुन्या वनस्पतिग्रंथांतून आजही उद्धृत होतात : परीघ १,५८७ फूट, उत्तर–दक्षिण सुमारे ५९५ फूट, पूर्व–पश्चिम ४४२ फूट. वैराटगडाला जाणारे ट्रेकर आजही वाट वाकडी करून तिथं थांबतात. आत शिरलं की आपण एका झाडाखाली आहोत की रानात, हे कळेनासं होतं. पारंबी जमिनीला टेकली की खांब होते, खांबाचं खोड होतं, आणि मूळ खोड कोणतं हा प्रश्नच उरत नाही.

कोलकात्याजवळ हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातल्या वडाची कथा याहून नेमकी आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या मुख्य फांद्या मोडल्या. मोडलेल्या जागेतून बुरशी आत गेली आणि खोड कुजत गेलं. शेवटी १९२५ मध्ये पन्नास फूट घेराचं ते मूळ खोडच कापून काढलं, म्हणजे कूज बाकीच्या झाडात पसरू नये. तेव्हापासून झाड मधल्या मोकळ्या जागेभोवती हजारो पारंब्यांवर उभं आहे. भारतातली झाडावरची सर्वांत मोठी शस्त्रक्रिया कोणती, असं कुणी विचारलं तर ही सांगावी. कुठं कापायचं आणि किती काळ थांबायचं, हे ठरवणारं कुणीतरी तिथं होतं.

आपल्याकडं हे ठरवतं कोण? बहुतेक वेळा वखारवाला. फांदी घरावर आली, पत्र्याला लागली किंवा तारेत अडकली की त्याला निरोप जातो. तो दोन गडी, दोरखंड, कुऱ्हाड आणि चेनसॉ घेऊन येतो. पुष्कळदा पैशांचा व्यवहारच नसतो, लाकूड हीच मजुरी. सगळी गोम इथंच आहे. ज्याला मजुरी लाकडात मिळते तो बारीक काटकी का काढेल? तो जाड, सरळ, वजनदार फांदी धरणार, आणि ती अगदी खोडालगत कापणार, कारण तेवढं लाकूड जास्त. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी कापण्याचे पैसे देतच नाही, लाकडाचे देतो.

तरी हे काम नीट शिकलेली माणसं दोरावर ज्या सफाईनं वर जातात ते पाहण्यासारखं असतं. पातळ सुतळीला वजन बांधून ती बेचक्यातून फेकायची, मग तिच्या मागून जाड दोर ओढून घ्यायचा. कमरेला हार्नेस, आणि मुख्य दोरावर बारीक दोरीचे वेढे घेऊन मारलेली गाठ. वजन पडलं की ती गाठ दोराला आवळून धरते, वजन काढलं की हातानं वर सरकते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ती गिर्यारोहकांपुढं ठेवली, म्हणून ती प्रुसिक गाठ. आपल्या घाटांत दरीत पडलेल्यांना वर काढणारी ट्रेकर मंडळी तीच वापरतात. झाडावर चढणाऱ्या बहुतेकांकडं मात्र ती अजून पोचलेली नाही, आणि कमरेला नुसता दोर बांधून, अनवाणी, चालू चेनसॉ घेऊन चढणारा गडी आजही दिसतो. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढू नये, हाही या कामातला साधा नियम. प्रत्येक खिळा सालीखालच्या जिवंत थरात भोक पाडतो. ते बूट तोडायच्या झाडासाठी.

चेनसॉबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या यंत्रानं गेल्या काही वर्षांत दोन्ही जिल्ह्यांतलं काम बदलून टाकलं. दोघांनी दोन बाजूंना बसून ओढायच्या करवतीला जिथं अर्धा दिवस लागायचा, तिथं आता काही मिनिटं लागतात. साखळी सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगानं धावते. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की यंत्र उसळून थेट तोंडाकडं येतं. डोळ्यांनी पाहून हात आवरेपर्यंत सगळं झालेलं असतं. म्हणून टोकानं कापायचं नाही, खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नाही आणि एका हातानं तर धरायचंच नाही. या कामाच्या खास पँटीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली तर ते धागे तिच्या चाकात गुंततात आणि ती जागच्या जागी थांबते. एका पायाच्या मोलापुढं अशा पँटीची किंमत काहीच नाही, पण ती घातलेला मजूर आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसेल.

आता मूळ प्रश्न, फांदी कुठून कापायची. कुठल्याही आंब्याच्या किंवा वडाच्या फांदीच्या बुडाशी हात फिरवून बघावा. फांदी जिथं खोडातून निघते तिथं सालीचा सुरकुतलेला, किंचित फुगीर पट्टा लागतो, शर्टाच्या कॉलरसारखा. तो खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही. काप त्याच्या बाहेरून, त्याला धक्का न लावता घ्यायचा. खोडालगत घासून कापलं तर कॉलर जाते, आणि जखमेवर नवी साल आणणाऱ्या पेशी वर-खाली उरतच नाहीत. फार बाहेर कापलं तर खुंट राहतो, तो वाळतो आणि बुरशीला आत जायला वाट देतो.

जड फांदी एका कापात उतरवली तर पडताना खालची साल खोडापर्यंत ओरबाडत नेते. म्हणून काप तीन. पहिला खोडापासून हात-दीड हात अंतरावर, खालून वर, जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून खाली. इथं फांदी मोडून पडते आणि साल पहिल्या कापापाशीच थांबते. राहिलेला खुंट मग निवांतपणे, हातानं आधार देऊन, कॉलरच्या बाहेरून काढायचा. एवढं शिकवायला एक दुपार पुरते.

कापाची जागा इतकी महत्त्वाची का, ते अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिलं. चेनसॉ हाताशी आली होती. तिच्या मदतीनं त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला. माणसाच्या कातडीची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड जखमी लाकूड तसंच ठेवतं आणि त्याच्याभोवती वर, खाली, आत आणि बाहेर रासायनिक भिंती घालतं. मग त्याच्यावर नवं लाकूड वाढवतं. जुनी जखम आयुष्यभर आतच राहते, कोंडलेली. ढोलीतली कूज खरवडून ताजं लाकूड उघडं करणं आणि वर सिमेंट भरणं हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा प्रतिष्ठित उपचार होता. शिगोंच्या कामानंतर तो मागं पडला, कारण खरवडताना झाडानं घातलेली भिंतच फुटत होती. आपल्या गावांत मात्र ढोलीत विटा आणि सिमेंट भरून वरून रंग देणं अजून चालू आहे. करणाऱ्याच्या मनात माया असते, पण झाडाला ती महागात पडते.

इथं तासगाव–मिरजेचा द्राक्षबागायतदार मान हलवेल आणि विचारेल, मग आमची बोर्डो पेस्ट? त्याचा प्रश्न रास्त आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी, वर्षातून दोनदा हातात कात्री घेणाऱ्या या भागाला कापाचं जितकं ज्ञान आहे तितकं महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण इथं तोंडपाठ असतं. बोर्डो मिश्रणाचा जन्मही द्राक्षाच्याच मळ्यातला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेली केवड्यापासून वाचल्या, हे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ताज्या कापावर बाहेरून बसणाऱ्या बुरशीला ही पेस्ट काही काळ रोखते, म्हणून वेलीवर आणि आंब्यावर तिचा उपयोग आहे. पण मांडीएवढी फांदी चुकीच्या जागी कापली आणि वर पेस्ट फासली, तर आतली कूज थांबत नाही. आधी जागा बरोबर हवी. बागेत डोळा कुठं ठेवायचा हे जाणणारा माणूस बांधावरचा आंबा छाटताना तेवढाच विचार करेल, तर या दोन जिल्ह्यांतली कितीतरी झाडं वाचतील.

झाड आतून काय सोसतंय हे सांगायला अळंबी बाहेर येतात. पावसाळ्यात महाबळेश्वर, बामणोली, कोयना आणि चांदोलीच्या रानांत त्यांची रेलचेल असते. त्यांतल्या बहुतेक पडलेल्या लाकडाची माती करत असतात आणि त्यांच्यावाचून रानच चालणार नाही. पण रस्त्याकडेच्या, शाळेच्या किंवा देवळाजवळच्या उभ्या झाडावर त्या दिसल्या तर थांबून बघावं.

बुंध्याशी, मातीला लागून, तांबूस तपकिरी, वार्निश लावल्यासारखा चकचकीत आणि पांढऱ्या कडेचा पंखा दिसला तर तो गॅनोडर्मा. गुलमोहरावर तो नेहमी दिसतो. आजूबाजूच्या पानांवर कोको पावडरीसारखी तपकिरी धूळ पडलेली असते, ते त्याचे बीजाणू. हा पंखा बुंधा आणि मुळं कुजत असल्याची खूण आहे. फसवं असं की वर पालवी हिरवीगार असू शकते. पानांना पाणी नेणारा बाहेरचा थर शाबूत असतो आणि आतला आधार गेलेला असतो. वळवाच्या वाऱ्यात असं झाड मुळासकट आडवं होतं आणि लोक म्हणतात, काल तर चांगलं होतं.

खोडावर वर कुठंतरी, घोड्याच्या खुरासारखं, काळपट, भेगाळलेलं आणि दगडासारखं कठीण कवक दिसलं तर ते बहुधा फेलिनस. फोडल्यावर आत गंजासारखा पिवळा–तपकिरी रंग निघतो. त्याच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की ती जागा काळी पडते, ही ओळखण्याची जुनी खूण. फणसावर येणाऱ्या या कवकाला घाटात आणि कोकणात फणसांबा म्हणतात. तोंड आलेल्या लहान मुलांसाठी ते सहाणेवर उगाळून लावण्याची पद्धत जुनी आहे. जे आजीच्या बटव्यात औषध, ते झाडाच्या गाभ्यात कूज करणारं, आणि दोन्ही खरं आहे.

नखाएवढे करडे, लोकरी पंखे रांगेनं आले आणि खालच्या घड्या मधोमध चिरल्यासारख्या दिसल्या तर ते शिझोफायलम. उन्हानं साल भाजली की ते हमखास येतं. एका दमात सगळी छाटणी केलेल्या आंब्यावर पुढच्या पावसात ते बघायला मिळतं, कारण सावलीतल्या सालीवर अचानक ऊन आलेलं असतं. कोळशाच्या गोळ्यांसारखी काळी डाल्डिनिया आणि कानाच्या पाळीसारखी लिबलिबीत ऑरिक्युलारिया मेलेल्या लाकडावर येतात. त्यांची काळजी नको, ती वाळली फांदी काढायला हवी एवढंच सांगतात.

वारुळाजवळ, जमिनीतून, लांब मुळासारख्या देठावर येणारी अळंबी तर झाडाची शत्रूच नाही. ती टर्मिटोमायसिस, वाळवीनं जमिनीखाली शेतीसारखी पोसलेली. दिवस ठरलेले, जागा ठरलेल्या, आणि त्या जागा घरात पोरांनाही सांगितल्या जात नाहीत. पण उकिरड्यावर आणि हिरवळीवर येणारी पांढरी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री तिच्यासारखीच भासते आणि पोटात जाऊन माणसाला आडवं करते. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, हे बघून विष ओळखता येत नाही. एक पडताळा घरी करता येतो. टोपी देठापासून कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर हलवायची नाही. सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा बारीक भुकटीचा ठसा उठतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी असतो, त्या विषारी छत्रीचा राखाडी–हिरवा. ठसा हिरवा आला तर प्रश्न मिटला, फेकून द्यायची. गुलाबी आला म्हणजे मात्र खायला मुभा मिळाली असं नाही, कारण इतर विषारी छत्र्यांचे ठसेही गुलाबी असू शकतात. जाणत्या माणसानं ओळखल्याशिवाय ती चुलीवर चढवू नये.

बुंध्याशी कूज येते कशी, याचं उत्तर कधी कधी आपल्या पारातच असतं. जुना पार दगड-मातीचा, फटीतून पाणी मुरवणारा. आता त्याच्यावर सिमेंट, त्याच्यावर फरशी, आणि खोडाला लागून पेव्हर ब्लॉक. साल सतत ओली, मुळं श्वासाला महाग. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. आपल्या ग्रामपंचायतींनी स्वतःहून एवढं करावं, त्याला निधीचीही वाट पाहायला नको. सांगलीला तर याच्या जोडीला महापूर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी दिवसेंदिवस मुळांवर उभं राहिलं की त्यांना प्राणवायू मिळत नाही, बारीक मुळं मरतात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत बुरशी बुंध्याशी येते. माणसांच्या घरांचे पंचनामे झाले, ते व्हायलाच हवे होते. झाडांच्या बुंध्यांकडंही कुणी एक फेरी मारायला हवी होती.

उपचार करायचे ठरवले तर होतात. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री वडाला वाळवीनं पोखरलं, तेव्हा २०१८ मध्ये फांद्यांना सलाईनच्या बाटल्या टांगून थेंबाथेंबानं कीटकनाशक दिलं गेलं, झुकलेल्या फांद्यांना टेकू बांधले आणि पारंब्यांना नळ्यांतून जमिनीपर्यंत वाट दिली. झाड तगलं. यातलं सलाईन फोटोत छान दिसतं, पण खरं काम टेकूनं आणि पारंब्यांनी केलं असणार, असं वडाचा स्वभाव बघता वाटतं.

कायद्यानं काही पावलं टाकली आहेत. १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला. पण तो शहरांचा कायदा, भोसे किंवा म्हसव्यासारख्या गावच्या वडाला त्याची सावली नाही. साताऱ्याचे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’नं उखडल्या जाणाऱ्या मोठ्या झाडांच्या पुनर्रोपणाचं काम अंगावर घेतलं, ते मोलाचंच. पण मोठं झाड हलवताना त्याची बहुतेक मुळं मागंच राहतात, आणि वडासारखं फांदीतूनही मूळ फुटणारं झाड सोडलं तर तगणं अवघड असतं. जागेवरचं झाड जागेवर सांभाळणं केव्हाही स्वस्त.

त्यासाठी लागतं ते फार मोठं नाही. पावसाळ्याआधी एक फेरी, लाकडी हातोड्यानं खोडावर ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते ऐकायला. पावसाळ्यात दुसरी, बुंध्याशी काय उगवलंय ते पाहायला. आणि छाटणाऱ्याला लाकडाऐवजी पैशात मजुरी. वटपौर्णिमेला शहरात विकायला म्हणून ओरबाडलेल्या फांद्यांच्या जखमाही त्याच फेरीत दिसतील.

सुरूरहून वाईकडं जाताना रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वडांची कमान आहे. गाडी बाजूला घेऊन एखाद्या जुन्या खोडाजवळ जावं. अशा खोडावर जिथं फांदी नीट कापलेली असते, तिथं जखमेभोवती गोल, फुगीर कड आलेली असते, भाकरीच्या काठासारखी, आणि ती दरवर्षी थोडी थोडी आत सरकते. जिथं खोडालगत घासून कापलेलं असतं तिथं कड फक्त दोन बाजूंना येते, वरखाली लाकूड उघडं राहतं, आणि पाऊस लागला की त्या उघड्या लाकडातून पहिला करडा पंखा डोकं काढतो.